साबेराआपांची पाहुणी नावं

आमच्या नांदेडच्या कॉलेजात जिन्याखाली एक खोली आहे. दारावर ‘विद्यार्थी विकास कक्ष’ अशी पाटी. आत दोन पत्र्याच्या ट्रंका, एक भाता फाटलेली हार्मोनियम, गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या आणि सव्वीस वर्षं साबेराआपा. कागदोपत्री त्या शिपाई. कक्षाचे प्रमुख दर तीन वर्षांनी बदलत, सत्काराच्या फोटोत मधोमध उभे राहत आणि तेच ते भाषण ठोकत. काम साबेराआपा करत. हे मी कौतुकानं सांगत नाही, चिडून सांगते आहे, कारण त्या प्रमुखांपैकी शेवटची मी.

वर्गात पोरगं कसं आहे ते मार्कांच्या यादीत दिसतं. वर्गाबाहेर ते कशाला घाबरतं, कुणाकडे बघून हसतं, जेवलंय की नाही, हे आपांना विचारावं लागे. उदगीरकडचा विरूपाक्ष बोलताना अडखळायचा, म्हणून बोलायचाच नाही. आपांनी त्याला मधल्या सुट्टीत माइकवरून हरवलेल्या वस्तू पुकारायचं काम दिलं. एक निळी छत्री, एक चष्म्याचं घर, एका डब्याचं झाकण. सहा महिने पोरं खिदळली. तिसऱ्या वर्षी तो युवक महोत्सवात वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस घेऊन आला. किनवटच्या आश्रमशाळेतून आलेली तनुजा कोपरा सोडायची नाही. तिला आपांनी आधी नाटकाचा पडदा ओढायला उभं केलं आणि पुढच्या वर्षी पडद्याच्या पुढे. मी व्यक्तिमत्त्व विकासावर पीएचडी केलेली बाई. मला यातलं एकही सुचलं नसतं.

“म्याडम, तुमचे ते तक्ते लई छान हायत,” त्या मला म्हणायच्या. “पण पोराला आधी जेवला का इचारा, मग विकास करा.”

त्या शहरातल्या इतवारा मोहल्ल्यात वाढलेल्या. वडील जिल्दसाज होते. सरकारी कचेऱ्यांची जाड रजिस्टरं घरी आणून बांधायचे. निकाहनंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूल नव्हतं, आणि कॉलेजातली नोकरी मिळाली. पांढऱ्या केसांवर घट्ट ओढणी, पायात पुरुषी सँडल आणि जवळ साधा बटणांचा फोन. मुलंमुली त्यांना आपा म्हणत. मीही तेच म्हणायची. बाई चिडली की मात्र प्राचार्यसुद्धा वाट वाकडी करून जायचे.

मुलींच्या बाबतीत त्यांची एक पद्धत होती. मुलीला कुठंही बाहेरगावी न्यायचं असेल, तर त्या स्वतः तिच्या घरी जात. चहा पीत, आईच्या गुडघ्यांची चौकशी करत आणि शेवटी बापाला म्हणत, “म्या नेते, म्या आणून सोडते.” बस्स. कॉलेजच्या पत्रावर शिक्का असो नसो, नायगाव-अर्धापूरपासून इतवाऱ्यापर्यंत लोक त्या एका वाक्यावर मुली पाठवत. त्यातही एनएसएसचं हिवाळी शिबिर म्हटलं की कुणाची ना नसायची. सात दिवस खेड्यात राहायचं, खड्डे खणायचे, पांढरा टी-शर्ट घालायचा आणि प्रमाणपत्र आणायचं; यात बापाला लाज वाटावी असं काहीच नव्हतं.

आणि म्हणून आपांनी ती दुसरी गोष्ट सुरू केली. ज्या मुलीला गायला जायचं असे, जुडोला जायचं असे, नाटकात उभं राहायचं असे, आणि घरी ते चालणार नसे, तिचं नाव त्या शिबिराच्या यादीत घालायच्या. घरी सांगायचं शिबिर. मुलगी जायची महोत्सवाला, नाहीतर निवड चाचणीला. काम झालं की ती शिबिरात येऊन गुपचूप मिसळायची आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांबरोबर माती लागलेल्या कपड्यांत घरी परतायची. कक्षात या नावांना ‘पाहुणी नावं’ म्हणत. दर वर्षी एक, फार तर दोन. अठरा-वीस मुली अशा घराबाहेर पडल्या आणि त्यातल्या निम्म्या आज कुठल्याकुठे पोचल्या आहेत. एकदाही घोटाळा झाला नाही. एकदा जरी छोटासा झाला असता, तरी आम्ही सावध झालो असतो असं मला आता वाटतं.

मला हे माहीत होतं का? होतं. रजिस्टरवर कार्यक्रम अधिकारी म्हणून सही माझी असायची. कुठलं नाव पाहुणं आहे ते मी विचारायची नाही, कारण विचारलं असतं तर कळलं असतं. वर मनातल्या मनात स्वतःला पुरोगामी समजून घ्यायची.

गेल्या जानेवारीतलं पाहुणं नाव होतं बुशरा निजामोद्दीन. बी.एस्सी. दुसरं वर्ष, काटक अंगाची, कबड्डीत चढाईला गेली की समोरच्या सात जणींचा जीव टांगणीला लावणारी. मुलांच्या मैदानामागे भिंतीच्या आडोशाला ती दोन वर्षं सराव करत होती, सलवारीवरच. विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी लातूरला होती, सोमवार ते बुधवार. संघात घेतलं तर परराज्यात सामने. आपांनी तिला आमच्या कॉलेजची म्हणून वेगळी पाठवायची नाही, लातूरच्या गुंडप्पा सरांच्या मुलींबरोबर ठेवायची, असं ठरवलं. ते आपांचे जुने ओळखीचे, मुलींचा संघ सांभाळणारे, भला माणूस. गुरुवारी ते तिला गाडीत बसवून देणार आणि आपा तिला किनवटच्या अलीकडच्या फाट्यावरून घेऊन येणार. आमचं शिबिर तिथून तीन किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर होतं.

बुशराच्या घरी त्या वेळी पहिल्यांदाच मीही गेले होते, म्हणून हे एक नाव न विचारताच मला माहीत होतं. निजामोद्दीनभाईंचं रिक्षाच्या सीटा शिवायचं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर. बोटांना कायम डिंकाचा पिवळा थर. ते माझ्याशी खाली बघून बोलले आणि आपांशी वर बघून.

“आपा, जंगल हाय म्हणं तिकडं?”

“हाय की. म्याबी हाय.”

“रात-बेरात पोरी कुठं जाऊ देऊ नका.”

“निजामभाई, म्या नेते, म्या आणून सोडते.”

ते हसले. मग आत जाऊन रेक्झिनची एक जाड गादी घेऊन आले आणि आपांच्या पुढ्यात ठेवली. जमिनीवर बसून गुडघे धरतील म्हणून दोन दिवस आधीच शिवून ठेवली होती. बुशरा दारामागे उभी होती. गादी बघून तिनं मान खाली घातली ती आम्ही निघेपर्यंत वर केली नाही. बाहेर आल्यावर मी म्हणाले, आपा, एकदा यांना खरं सांगून बघायचं का? आपा म्हणाल्या, “म्याडम, बापांना म्या तुमच्याहून जास्ती पाह्यलंय. इचारलं की न्हाई म्हणतेत. आणि एकदा न्हाई म्हणले की मग पोरीचं सगळंच बंद होतंय. न इचारलेलं बरं.” मला ते पटलं. त्यांचं मला नेहमीच पटायचं.

शिबिर रविवारी सुरू झालं. रजिस्टरवर एकेचाळीस, पाड्यावर चाळीस. डोंगराच्या उतारावर पाणी अडवायला आडव्या चरी खणायचं काम होतं. गुडघ्याइतक्या खोल, माणूस लांब झोपेल एवढ्या रुंद. वनरक्षक व्यंकटी आमच्या दिमतीला होता. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना उभं करून वरच्या कड्याकडे बोट दाखवलं. कड्याच्या पोटाला आठ-दहा आग्या मोहोळं लोंबत होती, काळी, सुपाएवढी. लांबून ती स्थिर दिसत. टक लावून पाहिलं की त्यांच्यावरून वरून खाली एक लाट सरकताना दिसे.

“धूर न्हाई, सेंट न्हाई, बोंबलणं न्हाई,” व्यंकटी म्हणाला. “उठल्या तर पळत बसू नका. पांघरूण घ्या, चरीत पालथं पडा आणि गप ऱ्हावा. हलला तो मेला.”

पोरं हसली. आपा हसल्या नाहीत. त्यांनी कड्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, काम खालच्या अंगाला घेऊ. मी म्हणाले, आखणी आधीच झालीय, आपा, खात्याचे लोक आखून गेलेत. आखलेली रेघ मला पुसवत नाही. तो माझा स्वभाव आहे. रविवार, सोमवार, मंगळवार आम्ही वरच्या चरी खणल्या. रोज संध्याकाळी उतरताना कड्याखालून जावं लागे आणि रोज मला वाटे, आज झालं, सुटलो. चौथ्या दिवशी आम्ही खालच्या ओळीला लागलो तेव्हा मी आपांना चिडवलंसुद्धा, “बघा, तुमच्या माश्या झोपाळू निघाल्या.” त्या म्हणाल्या, “तोंड चांगलं ठेवा, म्याडम.”

बुधवारी दुपारी दोनच्या सुमाराला पाड्यावरच्या बायका चहा घेऊन वर आल्या. थंड झालेला चहा तापवायला त्यांनी तीन दगड मांडले. व्यंकटी पलीकडच्या उतारावर होता. मी ते दगड पाहिले, काटक्या पेटलेल्या पाहिल्या आणि वारा खालच्या दिशेला आहे म्हणून गप्प बसले. पाच मिनिटांत वारा फिरला. धुराची एक बारीक रेघ कड्याकडे गेली आणि वरून आवाज आला. तो गुणगुणण्यासारखा नव्हता. रस्त्यानं जड ट्रक चढावा तशी जमीन आतून घरघरली.

पुढची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. पोरं उतारावरून घरंगळत, पडत खाली आली. आपा उलट्या वर गेल्या, तीन मुलींना आपल्या ओढणीखाली घेऊन उतरल्या. त्यांच्या मानेवर अकरा डंख होते. पायथ्याच्या शाळेत आम्ही दारं लावली. ज्यांना जास्त लागलं होतं त्यांना चुना लावला. बारा-तेरा जणांची तोंडं सुजली होती, पण सगळे बोलत होते. मी माणसं मोजली. चाळीस. रजिस्टर उघडलं. एकेचाळीस. पुन्हा मोजली. चाळीस.

“एक कमी आहे!” मी खिडकीशी जाऊन वर ओरडले. खिडकीतून व्यंकटी दिसत होता. तो अंगावर घोंगडं घेऊन काठी आपटत उतार चढायला लागला होता, राहिलेलं कुणी दिसतं का बघायला. वरच्या चरींच्या जवळ पोचलाही होता. मी दोन पोरांना घोंगडी देऊन त्याच्यामागे धाडायला निघाले, तेव्हा आपांनी माझं कोपर धरलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. असली तर थोडी गंमतच होती.

“म्याडम, पूर्ण हायत,” त्या कानाशी म्हणाल्या. “एक पाहुणं हाय. बुशरा. लातूरला हाय ती.”

भीतीच्या भरात मी ते साफ विसरले होते; माझ्या जिवात जीव आला. मी त्या क्षणी देवाचे आभार मानले, हे मला लिहिताना लाज वाटते पण लिहायलाच हवं. कड्याभोवती माश्या अजून घोंघावत होत्या, व्यंकटीला वर ठेवण्यात धोका होता. आपा ओसरीवर गेल्या, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्यांच्या त्या मैदानभर पोचणाऱ्या आवाजात ओरडल्या, “व्यंकटी भाऊ! या खाली! सगळे आलेत! सगळे आलेत!”

व्यंकटी वळला आणि खाली आला.

पाड्यावर मोबाईलला रेंज नव्हती. ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी मिळे. साडेतीनला आपा तिथं जाऊन एकेका मुलीच्या घरी फोन करत बसल्या. बातमी आपल्या आधी पोचू नये, हा त्यांचा नियम. निजामोद्दीनभाईंनाही लावला, कारण त्यांनाच वगळलं असतं तर ते विचारात पडले असते. मी शेजारीच उभी होते.

“भली-चंगी हाय हो,” आपा म्हणत होत्या. “हाताला एक डंख हाय बस. आता पोरींसंगं झोपलीय... उठवू का? ... बरं, संध्याकाळी तिलाच लावायला सांगते. तुम्ही जेवले का?”

किती सफाईनं बोलतात बाई, असं मला वाटलं. कौतुकच वाटलं.

मग पाच वाजता त्या पुन्हा टाकीपाशी गेल्या. गुंडप्पा सरांना फोन करायचा, बुशराला घ्यायचं आणि सांगायचं की बाई, अब्बांना फोन कर, हाताला डंख आहे म्हण, डाव्या. मी बरोबर गेले, कारण मला त्या नाटकाचा पुढचा अंक ऐकायचा होता. आपांनी फोनचा आवाज मोठा ठेवलेला असे. मला सगळं ऐकू आलं.

“बुशरा?” गुंडप्पा सर म्हणाले. “आपा, ती तर पहाटेच्या गाडीनं गेली की. मीच बसवून दिलं. चाचणी एक दिवस आधी, कालच आटपली. निवड झाली बघा तिची! म्हणाली, आपांना म्या सोता सांगणार, तुम्ही फोन करू नका. एकपर्यंत फाट्यावर उतरली असंल. आली न्हाई का?”

आपांनी फोन बंद केला नाही. तो हातात तसाच बोलत राहिला आणि त्या डोंगराकडे बघत राहिल्या. फाट्यावरून पाड्याला दोन वाटा येतात. एक सडक आणि एक कड्याखालून, वरच्या चरींवरून. पोरं रोज संध्याकाळी टाकीपाशी जाऊन शिबिराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कामाचे फोटो टाकत होती. आम्ही कुठं आहोत ते तिला लातुरात बसून कळलं असतं. आणि पाहुण्यांनी कसं यायचं हे आपांनीच तिला शिकवलं होतं. समोरून यायचं नाही. कामावरच्या घोळक्यात मागून मिसळायचं.

मी म्हणाले, “आपा, ती पाड्यावर कुणाच्या घरी...” त्यांनी वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. त्या पळत सुटल्या. साठीला आलेली, गुडघे गेलेली बाई. पायातल्या सँडल कुठं पडल्या ते नंतर कुणालाच कळलं नाही.

सूर्य कड्याला टेकला होता. माश्या मोहोळावर परतल्या होत्या, कडा पुन्हा शांत आणि काळा दिसत होता. व्यंकटीनं आम्हाला हाका मारायला बंदी केली. म्हणून आम्ही दहा-बारा जण तोंडातून शब्द न काढता, वाकून, एकेक चर बघत वर सरकत होतो. वरून तिसऱ्या ओळीत, मंगळवारी आम्हीच खणलेल्या चरीत, ती पालथी पडली होती. पांढरा टी-शर्ट, डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळलेली, दोन्ही हात पोटाखाली. तिनं सगळं बरोबर केलं होतं. ते शिकवायला व्यंकटी तिला भेटलाही नव्हता. बहुतेक मैत्रिणींनी ग्रुपवर टाकलं असावं. ओढणी पातळ होती एवढंच. व्यंकटीनं तिच्या मानेला बोट लावलं आणि म्हणाला, जीव हाय. त्यानं मागं वळून पाहिलं, जिथून तो दुपारी परत फिरला होता त्या दगडाकडे. मीही पाहिलं. पन्नास पावलंही नव्हती.

जीपनं आधी किनवट, मग नांदेड. डंख चारशेच्या वर होते. डॉक्टर म्हणाले, विष मूत्रपिंडावर गेलंय, दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही. निजामोद्दीनभाई आणि बुशराची आई बाहेरच्या बाकावर बसून राहिले. त्यांना वाटत होतं की ती शिबिरातच होती आणि गडबडीत राहून गेली. साडेतीनच्या फोनबद्दल त्यांनी विचारलं नाही. आपा हात जोडून एवढंच म्हणाल्या होत्या, माझ्या मोजण्यात चूक झाली. ते म्हणाले, माश्या उठल्यावर कोण मोजतंय, आपा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुशरा शुद्धीवर आली. आई नमाजाला गेली होती. आत आपा आणि मी. डोळे सुजून बंद, ओठ फुटलेले. आपांचा हात लागताच तिनं ओळखलं. त्या दोघी दखनी उर्दूत बोलत, मी ते माझ्या भाषेत लिहिते आहे.

“आपा, निवड झाली.”

“कळलं गं मला. बोलू नको तू.”

“मला ऐकू आलं होतं.” ती थांबून थांबून बोलत होती. “मॅडम ओरडल्या, एक कमी आहे. मग काठीचा आवाज आला, अगदी जवळ. मी हाक मारणारच होते. तेवढ्यात तुम्ही ओरडलात, सगळे आलेत.”

आपांनी तिची चादर सरळ केली.

“मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठीच तसं म्हणताय. मी आता उठले तर सगळ्यांना दिसेल की मी आत्ताच आले. अब्बांपर्यंत जाईल. म्हणून गप्प पडून राहिले. म्हटलं, सगळे आत गेले की उतरेन.” मग म्हणाली, “नंतर उठताच येईना, आपा.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आपण सांगितल्यासारखं नीट केलं, आता शाबासकी मिळेल, असं काहीतरी होतं त्यात. मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर आले आणि जिन्यात बसले. मी खणायला लावलेली चर, मी न विझवलेली चूल, माझी सही. एवढं सगळं माझं असून ती पोरगी माझ्याबद्दल एक शब्दही बोलली नव्हती. माझा तिला उपयोगच नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

कॉलेजनं चौकशी समिती नेमली. रजिस्टर सीलबंद झालं. सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं: नाव रजिस्टरवर आहे, मुलगी शिबिराच्या जागी सापडली, म्हणजे ती शिबिरातच होती. लातूरचा विषय काढायचा नाही. तुझंही भलं, आपांचंही, कॉलेजचंही. कागद एकदम चोख जुळत होता. गुंडप्पा सरही गप्प बसायला तयार होते. मी आपांना हे सगळं सांगितलं आणि म्हणाले, निदान आत्ता तरी घरी काही बोलू नका. त्यांना आणखी दुःख कशाला? आपा म्हणाल्या, “तुमचं दुःख म्हणा, म्याडम.” सव्वीस वर्षांत, निदान माझ्या वाट्याच्या तीन वर्षांत, त्या माझ्याशी तसं बोललेल्या नव्हत्या.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवसाची फातेहाची प्रार्थना झाल्यावर, दुपारी, आम्ही इतवाऱ्यात गेलो. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. निजामोद्दीनभाई आत बसले होते, पुढ्यात एक अर्धी शिवलेली सीट, हातात सुई नव्हती. आम्हाला बघून उठले, स्टूल पुढे केलं.

“बसा, आपा. एक बरं झालं बघा, तुम्ही होता तिथं. पोरगी परक्यांत न्हवती.”

आपा बसल्या नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. लातूर, कबड्डी, दोन वर्षांचा भिंतीमागचा सराव. यादीतलं पाहुणं नाव. साडेतीनचा फोन, झोपलीय म्हणून सांगितलेलं. मग ती दवाखान्यात जे बोलली ते, शब्दाला शब्द. रडल्या नाहीत. स्वतःसाठी एकही सोयीचा शब्द त्यांनी वापरला नाही. मी शटरला पाठ लावून उभी होते. आता हा माणूस काय करेल याची भीती वाटत होती. तो काहीच करत नव्हता, त्याची जास्त.

मग त्यांनी विचारलं, “निवड झाली होती?”

“हाव,” आपा म्हणाल्या.

“चांगली खेळायची?”

“लई.”

त्यांनी मान हलवली. बोटांवरचा डिंक नखानं खरवडत राहिले.

“मला इचारलं असतं तर म्या न्हाईच म्हणलो असतो, आपा,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू? न्हाईच म्हणलो असतो. ती रडली असती. जेवली नसती दोन दिवस. महिनाभर माझ्याशी बोलली नसती. तिच्या मायनं मला टोमणे मारले असते.” मागच्या खोलीत कुणीतरी भांडी लावत होतं, त्या आवाजाकडे त्यांनी पाहिलं. “पण रुसून का व्हईना, घरात बसली असती.”